धनुर्वात झालेल्या घोड्याची सेवा

नागावच्या किनाऱ्यावर माझी घोडागाडी चालते. पावसाळा संपताना माझ्या घोडीच्या, चांदणीच्या, खुरात गंजका खिळा घुसला. जखम वरून मिटली, पण दहाएक दिवसांत कान ताठ, शेपटी उचललेली, आणि हनुवटीखाली थोपटलं की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी डोळ्यावर सरकायची. असं दिसलं की त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला बोलवा. ते जखम उघडून धुतात, कारण धनुर्वाताचा जंतू बंद जखमेतच वाढतो आणि विष सोडतो. पेनिसिलीन, प्रतिविष आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. मज्जातंतूंना चिकटलेलं विष मात्र प्रतिविषाने निघत नाही, म्हणून उशीर नको.

पुढचं सगळं आपल्या हातात. तबेल्याला गोणपाटं लावून अंधार करा, कानात कापसाचे बोळे घाला. आवाजाने झटके येतात. शेजारच्या लग्नातले फटाके मी हातापाया पडून थांबवले. खाली पेंढा जाड अंथरा. मान वाकत नाही, म्हणून बादली छातीच्या उंचीवर टांगा, कोंडा पातळ भिजवून ठेवा. तोंडात जबरदस्तीने काही ओतू नका, फुफ्फुसात जातं.

पाचव्या आठवड्यात चांदणीने मान खाली घालून गवत खाल्लं, तेव्हा मला रडू आलं. बरं झाल्यावरही लस टोचून घ्या. हा रोग पुन्हा होऊ शकतो.