जुनाट इंग्लिश शब्दांचा अर्थ कसा लावायचा

सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं इंग्लिश गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारं सरकारी पुस्तक, नेटवर फुकट मिळतं, आपल्या भागाची एवढी बारीक माहिती एका जागी क्वचितच सापडते, पण बरीच पोरं चार पानं वाचून सोडून देतात कारण भाषा जुनी. सोडू नका, जमतंय.

पहिलं म्हणजे मोबाईलवर शब्द टाकला की वर येतो तो अर्थ लगेच धरायचा नाही. लोकसंख्येच्या प्रकरणात 'हजबंडमेन' असं दिसतं, त्याचा नवऱ्यांशी काही संबंध नाही, खाली सगळी शेती करणाऱ्या जातींची माहिती आहे. म्हणजे शेतकरी. आणि हा शब्द पूर्ण मेलेला पण नाही बरं का, पशुसंवर्धन खात्याच्या इंग्लिश नावात 'हजबंड्री' अजून आहेच की. तर आधी आजूबाजूची दोन-चार वाक्यं वाचा, अंदाज करा, मगच डिक्शनरी उघडा.

अवघड शब्द तसे बरे, ते दिसले की आपण थांबतो तरी. घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांचा. 'कॉर्न' म्हणजे मका नाही, कुठलंही धान्य, आणि आपल्याकडं ज्वारी-बाजरीचा हिशोब असताना तिथं मका वाचला तर सगळंच चुकतं. १८७६-७७ च्या दुष्काळाबद्दल वाचताना 'वॉन्ट' आला तर इच्छा नाही, टंचाई. 'प्रेझेंटली' म्हणजे सध्या नव्हे, थोड्याच वेळात. 'थ्री स्कोअर' म्हणजे साठ, आपली म्हातारी माणसं तीन विसा म्हणायची अगदी तसंच.

डिक्शनरी जुनीच घ्या. वेबस्टरची १९१३ ची फुकट आहे, गॅझेटिअरच्या काळाला जवळची, माझं निम्मं काम तिच्यावरच होतं. त्याहून जुन्या पुस्तकांना जॉन्सनची १७५५ ची. साहेबांनी इंग्लिशमध्ये ओढलेले आपले शब्द असतील, म्हणजे गोडाऊन, कचेरी वगैरे, तर १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश. ऑक्सफर्डचा मोठा कोश सगळ्यात भारी, १८८४ लाच त्याचा पहिला भाग निघाला आणि पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं, प्रत्येक अर्थाखाली सालवार वाक्यं आहेत, पण ऑनलाईनला पैसे पडतात.

शब्दापुढं 'आर्केइक' लिहिलं असेल तर जुना पण अधूनमधून भेटणारा, 'ऑब्सोलीट' असेल तर वापरातून गेलेला. परीक्षेच्या निबंधात दोन्ही नकोत.

अर्थ वहीत मराठीतच लिहा, 'हिदर' इकडं, 'दिदर' तिकडं, 'व्हेन्स' कुठून. आणि नुसता शब्द नको, पुस्तकातलं अख्खं वाक्य आणि त्याचं साल पण शेजारी टाका.