वाक्य न तुटता नोंद

मी घरून भाषांतराचं काम करते. एखादं लांब वाक्य डोक्यात जुळत असतानाच आठवतं, गॅस बुक करायचाय, किंवा मागच्या प्रकरणातला एक शब्द बदलायचाय. ते टिपायला मोबाइल उचलला की वाक्य गेलंच. चिठ्ठ्या हरवायच्या. नोंदींची दोन-तीन अ‍ॅपंही वापरून पाहिली, पण ती उघडेपर्यंतच लक्ष उडायचं.

उपाय सापडला तो विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये. नवी फाइल उघडून पहिल्याच ओळीत आधी टिंब आणि त्याला लागून एल, ओ, जी ही इंग्रजी अक्षरं टाइप केली. तिन्ही कॅपिटलच हवीत, मी आधी लहान लिहिली आणि अर्धा तास वाया गेला. फाइल सेव्ह करून बंद केली. आता ती उघडली की शेवटी त्या क्षणाची तारीख-वेळ आपोआप उमटते आणि कर्सर तिथेच थांबलेला असतो.

मग तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेले आणि ‘शॉर्टकट की’च्या चौकटीत एन दाबलं. कंट्रोल-ऑल्ट-एन झालं. शॉर्टकट डेस्कटॉपवरच राहू द्या, दुसऱ्या फोल्डरात हलवला तर की चालेलच असं नाही.

आता कंट्रोल-ऑल्ट-एन, चार शब्द, कंट्रोल-एस, ऑल्ट-एफ४, आणि मी परत माझ्या वाक्यात. माऊसला हातही लागत नाही. मराठी नोंदींसाठी फाइल यूटीएफ-८ मध्येच (ही अक्षरं साठवण्याची एक पद्धत) सेव्ह करा, जुन्या नोटपॅडमध्ये ते स्वतः निवडावं लागतं, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. संध्याकाळी चहा घेताना ती फाइल वाचते आणि उरलेली कामं वहीत उतरवते.