तालीम, कराटे, ज्यूदो आणि दहावी: सगळ्यांचा मेळ कसा घालावा

आमच्या बेळगाव सीमाभागातल्या पोरांचा दिवस मला पाठ आहे. पहाटे पाचला तालीम, नंतर शाळेची बस, संध्याकाळी कराटेचा क्लास, शनिवारी ज्यूदोची मॅट, आणि वैशाखातली शिवजयंती जवळ आली की चित्ररथासाठी लाठी-दांडपट्ट्याचा सराव वेगळा. सकाळी जोर मोजायचे मराठीत, दुपारी शाळेत कन्नडचा तास, संध्याकाळी कराटेत जपानीत, इची-नी-सान. मी हे सगळं केलंय आणि आता गावातल्या मुला-मुलींना शिकवतोय. त्यामुळे ‘एकच काहीतरी कर’ असं मी कुणाला सांगणार नाही. पण चार ठिकाणी जाणारं पोर वर्षभरात चारही ठिकाणी दिसेनासं होतं, हेही मी बघितलंय. वेळ काढता येतो. नडतो तो सगळीकडे एकाच वेळी पुढे जायचा हट्ट.

पायरी 1: हंगामापुरती एक कला मुख्य धरा

जन्माची निवड करायची नाही, पाच-सहा महिन्यांची करायची. या काळात नवे डाव एकाच ठिकाणी शिकायचे आणि अंगाला खरा ताणही तिथंच द्यायचा. बाकी ठिकाणी येतंय तेवढंच मुरवायचं. एकाच आठवड्यात तालमीत ढाक हा कुस्तीचा डाव आणि क्लासमध्ये नवा काता, म्हणजे कराटेच्या ठरलेल्या हालचालींची मालिका, सुरू केला, तर दोन्ही कच्चे राहतात.

आपल्या भागात हंगाम ठरवायला पंचांग लागत नाही. भाताची मळणी उरकली की जत्रा आणि कुस्तीची मैदानं सुरू होतात, ती उन्हाळाभर चालतात. तेव्हा कुस्ती मुख्य. जूनला खानापूरकडून पाऊस सरकला की छपराखालचं कराटे किंवा ज्यूदो मुख्य करा आणि तालीम आठवड्यातून दोनदा, अंग मोकळं ठेवण्यापुरती. शाळेच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धांच्या तारखा मात्र पीटीच्या सरांना जूनमध्येच विचारून ठेवा.

ज्यूदो ज्यांनी 1882 साली घडवला, ते जिगोरो कानो टोकियोत विद्यापीठात शिकत होते. त्यांनी आधी एका घराण्याचं जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झोंबाझोंबीची कला, शिकलं, मग दुसऱ्या घराण्याचं. एकामागून एक शिकले म्हणून त्यांना दोन्हींतलं निवडता आलं.

पायरी 2: आठवडा कागदावर मांडा, झोपेपासून

तेरा ते अठरा वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. पहाटे पाचला तालमीत हजर व्हायचं तर रात्री आठ-साडेआठला अंथरुणावर पडायला हवं. संध्याकाळचा क्लास आठला सुटत असेल तर जेवण आणि गृहपाठ धरून हे जमणारच नाही. म्हणून नियम साधा: संध्याकाळी क्लास असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तालीम नाही. अमुक वाजता उठलो याची फुशारकी मिरवणारी पोरं शाळेत बाकावर पेंगतात.

एक नमुना देतो, चौदा वर्षांच्या मुलाचा. सोमवार आणि मंगळवारी पहाटे तालीम, दीड-दीड तास. बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी कराटे, तेही दीड तास. शुक्रवार मोकळा. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ज्यूदो, दोन तास. रविवारी काही नाही. एकूण 8 तास झाले. आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, हा क्रीडावैद्यकातला सोपा हिशेब लक्षात ठेवा. चौदा वर्षांच्या पोराला 14 तास ही कमाल मर्यादा, आणि दर आठवड्याला तिथपर्यंत जायची गरज नसते.

पायरी 3: कुठे काय आड येतं ते ओळखा

हा भाग कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुस्तीत कंबर वाकलेली, हात पुढे, नजर समोरच्याच्या कमरेवर. कराटेत पाठ सरळ, पाय हलके, अंतर राखून. कराटेहून थेट तालमीत आलेलं पोर ताठ उभं राहतं आणि पहिल्याच झटक्यात त्याचा पट निघतो, म्हणजे पाय धरून त्याला पाडलं जातं. उलट तालमीतलं पोर कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, डोकं पुढे काढून आत घुसतं आणि तोंडावर ठोसा घेतं. यावर माझा उपाय असा: हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, उतरण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं वाकून हौद्याभोवती सरकायचं, कुणाला हात न लावता. क्लासमध्ये पाच मिनिटं नुसतं पुढे-मागे पाय टाकायचे. कुठे आलोय हे अंगाला कळायला तेवढा वेळ लागतो.

पडण्याचा घोळ याहून मोठा. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, म्हणून पैलवान हवेतच पोटावर वळतो किंवा हात टेकवतो. ज्यूदोत पडताना हनुवटी छातीला लावून, सबंध हात मॅटवर आपटून जोर विखुरायचा असतो, त्याला उकेमी म्हणतात. ज्यूदोच्या फेकीत कुस्तीच्या सवयीनं हात टेकवला, तर मनगट किंवा कोपर जातं. म्हणून ज्यूदो सुरू करणाऱ्यानं पहिले पंधरा दिवस फक्त पडायला शिकावं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्यानं. सायकलवरून घसरलात तरी ते कामाला येईल.

नियमही वेगळे. पट काढणं हा आपल्या पोरांचा हातखंडा, पण आंतरराष्ट्रीय ज्यूदोत 2010 पासून हातानं पाय धरण्यावर निर्बंध येत गेले आणि आता त्याला शिक्षा होते. कुराश या उझबेकी कुस्तीतही पाय धरता येत नाहीत. आपल्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव मूळची ज्यूदोची खेळाडू. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं कुराशमध्ये 52 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. दोन्ही खेळांत अंगरख्याची पकड आणि उभ्यानं फेक, त्यामुळे एकातली मेहनत दुसऱ्यात उतरते. दुसरी कला निवडताना पहिलीच्या जवळची निवडा, असं मी म्हणतो ते यासाठी.

पायरी 4: दोन्हीकडे खरं सांगा

वस्तादांना कराटेचं सांगायला पोरं घाबरतात, आणि क्लासमध्ये तालमीचं लपवतात. मी नववीत असताना तेच केलं. रविवारी बेल्टची परीक्षा झाली, लाथा मारून मारून गुडघ्याच्या वाटीखाली ठणकत होतं. सोमवारी पहाटे तालमीत वस्तादांनी विचारलं, “पाय दुखालाय काय रे?” मी नाही म्हटलं. त्या दिवशी पट काढताना तोच गुडघा मातीवर आदळला आणि पुढचे तीन महिने मी हौद्याच्या काठावर बसून होतो. चूक माझीच होती. विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो.

वाढीच्या वयात वाटीखालचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि मांडीचा स्नायू त्याला ओढत असतो. तिथं किंवा टाचेत रोज दुखत असेल तर उड्या आणि लाथा थांबवा, आठवड्यात उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा काही क्षण आठवेनासं झालं, तर त्या दिवशी सराव बंद, मग समोर अंतिम फेरी असली तरी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत उतरायचं नाही.

पायरी 5: अंगाची निगा

गजकर्ण तालमीतून मॅटवर आणि मॅटवरून घरी जातं. सराव संपल्या संपल्या साबणानं अंघोळ करा. टॉवेल आणि लंगोट स्वतःचा, रोज धुतलेला. अंगावर गोल चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत कुणाशी जोड लावू नका.

खुराकाचं फार मनावर घेऊ नका. भाकरी, उसळ, दूध, अंडी, भिजवलेले शेंगदाणे, नाचणीची आंबील एवढ्यावर वाढत्या वयाचं पोर उत्तम मेहनत करतं. डब्यातल्या पावडरींवर घरचे पैसे घालवू नका. वजनगटात बसायला पाणी तोडणं तर अजिबात नको. वरच्या गटात लढा.

पायरी 6: घर, मित्र आणि दहावी

रविवार मोकळा ठेवला तो झोपण्यासाठी नव्हे फक्त. त्या दिवशी आईबरोबर बाजार, शेतात काम असेल तर हातभार, मित्रांबरोबर क्रिकेट. गणपतीत मंडळाचं काम असेल तर ते दहा दिवस सरावात धरूच नका. ज्या पोराला मित्रच उरत नाहीत, ते सोळाव्या वर्षी सगळंच सोडतं. मुलींच्या घरच्यांनी सोबतीचा प्रश्न आधीच सोडवावा. एकाच गावातल्या दोघी-तिघींना एकाच वेळेचा क्लास मिळाला, तर संध्याकाळच्या बसची काळजी निम्मी होते.

दहावीची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येते, म्हणजे ऐन मैदानांच्या दिवसांत. त्या वर्षी मैदानाचं नाव काढू नका. दिवाळीनंतर बाकीच्या कला थांबवा आणि मुख्य कला आठवड्यातून दोनदा ठेवा, एकेक तास, लढत न करता. पूर्ण बंद केलेली पोरं पुस्तकासमोर चुळबुळत बसतात, हा माझा अनुभव. शेवटच्या पेपरच्या आधीचे पंधरा दिवस फक्त चालणं आणि थोड्या बैठका.

परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी हौद्यात उडी मारायचा मोह होतो. पहिला आठवडा नेहमीच्या निम्मे जोर-बैठका आणि उकेमी. दुसऱ्या आठवड्यात जुने डाव, जोडीदारानं विरोध न करता. तिसऱ्या आठवड्यात वस्तादांना विचारून लढत धरा, आपल्याहून हलक्या जोडीदाराबरोबर.