लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये हॉटप्लग ओळख कशी बसवावी

मॉनिटर जोडल्याची किंवा काढल्याची खबर ग्राफिक्स चिपला एका स्वतंत्र तारेवरून मिळते. नेहमीच्या मोठ्या एचडीएमआय जोडणीत ही हॉटप्लगची (चालू यंत्राला मॉनिटर जोडला-काढला हे ओळखण्याची) तार १९व्या पिनवर, तर डिस्प्लेपोर्टमध्ये १८व्या पिनवर असते. व्हीजीएमध्ये अशी तारच नसते. एचडीएमआयच्या बाबतीत ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, यजमान बाजूने १८व्या पिनवर ५ व्होल्ट पुरवल्याशिवाय मॉनिटर ही तार वर उचलत नाही. त्यामुळे नव्या बोर्डावर इंटरप्ट (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारा ‘लक्ष द्या’ असा संकेत) येतच नसेल, तर ड्रायव्हरचा कोड उलगडण्यापूर्वी मल्टिमीटरने हे ५ व्होल्ट तपासावेत. डिव्हाइस ट्रीमधील (बोर्डावरच्या हार्डवेअरचे कर्नलला दिलेले वर्णन) कनेक्टरच्या नोडमध्ये या पुरवठ्याचा रेग्युलेटर आणि हॉटप्लगची जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट) पिन या दोहोंची नोंद हवी. पिनची ध्रुवता उलटी लिहिली गेल्यास केबल काढल्यावर ‘जोडलेले’ आणि लावल्यावर ‘तुटलेले’ असे दिसते.

ड्रायव्हरमध्ये प्रत्येक कनेक्टरच्या ‘पोल्ड’ या फील्डमध्ये योग्य ध्वज ठेवावा. हॉटप्लगचा इंटरप्ट उपलब्ध असल्यास एचपीडीचा (हॉटप्लग डिटेक्ट) ध्वज लावावा. नसल्यास जोडणी आणि तुटणी यांसाठी असलेले पोलिंगचे (ठराविक काळाने स्वतः तपासण्याचे) ध्वज लावावेत, म्हणजे डीआरएमची (लिनक्स कर्नलच्या ग्राफिक्स विभागाची) मदतनीस यंत्रणा दर १० सेकंदांनी कनेक्टर तपासते. एचपीडीचा ध्वज आणि पोलिंगचे ध्वज एकाच कनेक्टरवर एकत्र लावू नयेत. व्हीजीएवर तुटणी तपासण्याचा ध्वज तर फार जपून वापरावा, कारण विद्युत भार मोजून मॉनिटर ओळखण्याच्या पद्धतीत चालू पडदा लुकलुकू शकतो. सर्व कनेक्टर तयार झाल्यावरच पोलिंगची यंत्रणा सुरू करावी.

यानंतरचा भाग इंटरप्टचा, आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. मॉनिटर आहे की नाही याचा निर्णय इंटरप्टच्या हाताळणीत घेऊ नये. तारेवरचा बदल ही केवळ सूचना मानावी आणि निर्णय कनेक्टरच्या ‘डिटेक्ट’ फंक्शनवर सोपवावा. मॉनिटरची ईडीआयडी माहिती (त्याच्या क्षमतांचा तपशील) वाचताना आयस्क्वेअरसीवर (दोन तारांच्या संथ बसवर) थांबावे लागते, कुलुपे घ्यावी लागतात, आणि यातले काहीही हार्ड इंटरप्टच्या संदर्भात चालत नाही. म्हणून थ्रेडेड इंटरप्ट किंवा वर्कक्यू (काम नंतर वेगळ्या थ्रेडमध्ये करण्याची सोय) वापरावी आणि तेथून डीआरएमचे एचपीडी इंटरप्टचे मदतनीस फंक्शन बोलवावे. ते एचपीडीचा ध्वज असलेले कनेक्टर तपासते आणि स्थिती खरोखर बदलली असेल तरच युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना) घटना कळवते. नुसती घटना पाठवणारे जे दुसरे फंक्शन आहे, ते काहीही तपासत नाही; ते थेट बोलवल्यास डेस्कटॉप विनाकारण पडद्यांची मांडणी पुन्हा करत बसतो.

डिबाउन्सची (तारेवरचे क्षणिक चढउतार दुर्लक्षित करण्याची) वेळ ठरवताना दोन्ही जोडण्यांना एकच नियम लावण्याचा मोह टाळावा. एचडीएमआयमध्ये ईडीआयडी बदलल्याचे कळवण्यासाठी मॉनिटर तार किमान १०० मिलिसेकंद खाली ठेवतो, म्हणून तेथे काही मिलिसेकंदांचा डिबाउन्स निर्धोक असतो. डिस्प्लेपोर्टमध्ये मात्र ०.५ ते १ मिलिसेकंदाची छोटी स्पंदने अर्थपूर्ण असतात: लिंक बिघडली आहे किंवा एमएसटीचा (एकाच जोडणीवर अनेक पडदे चालवण्याच्या सोयीचा) संदेश आला आहे, असे मॉनिटर त्यांतून सांगतो, आणि ड्रायव्हरने ऑक्स वाहिनीवरून (डिस्प्लेपोर्टच्या साहाय्यक वाहिनीवरून) त्याची स्थिती वाचणे अपेक्षित असते. प्रत्यक्ष जोडणी किंवा तुटणीचा विचार २ मिलिसेकंदांहून लांब स्पंदनावरच करावा. एचडीएमआयचा डिबाउन्स जसाच्या तसा येथे उचलला, तर ही छोटी स्पंदने गिळली जातात आणि पडदा मधूनच काळा पडण्याचे कारण काही केल्या सापडत नाही.

सैल केबलमुळे इंटरप्टचा भडिमार झाला, तर काय करायचे हेही ठरवून ठेवावे. इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर एका सेकंदात लांब स्पंदनांची मर्यादा ओलांडली गेल्यास त्या पिनचा इंटरप्ट बंद करतो, तात्पुरते पोलिंग सुरू करतो आणि दोन मिनिटांनी इंटरप्ट पुन्हा चालू करतो. आपल्या ड्रायव्हरसाठी हा नमुना अनुकरणीय आहे.

सस्पेंडपूर्वी पोलिंग थांबवावे. झोपेच्या काळात केबल बदलली असल्यास तो इंटरप्ट हरवलेला असू शकतो, म्हणून रिझ्यूमनंतर इंटरप्टची वाट न पाहता सर्व कनेक्टर एकदा स्वतःहून तपासावेत. रनटाइम पॉवर व्यवस्थापनाने ब्लॉकची वीज तोडल्यावरही हॉटप्लग चालायला हवा असेल, तर तारेवर लक्ष ठेवणारा भाग वेगळ्या, सतत चालू असलेल्या पॉवर डोमेनमध्ये आहे का, हे हार्डवेअरच्या कागदपत्रांत पाहावे. नसल्यास त्या काळापुरते पोलिंगच करावे लागते.

चाचणीसाठी एका टर्मिनलमध्ये यूडेव्हअॅडमची मॉनिटर आज्ञा (कर्नलच्या घटना दाखवणारी) चालवून केबल लावावी आणि काढावी. प्रत्येक वेळी डीआरएमची एकच ‘चेंज’ घटना दिसावी. घटना येत नसेल, तर सिसएफएसमधील (कर्नलची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys मधील) त्या कनेक्टरच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘डिटेक्ट’ असे लिहून तपासणी सक्तीने करवावी. त्यानंतर स्थिती बरोबर दिसली, तर ‘डिटेक्ट’ ठीक असून दोष इंटरप्टच्या वाटेत आहे. तरीही चुकीची दिसली, तर आयस्क्वेअरसी किंवा पिनच्या ध्रुवतेकडे वळावे. याच फाइलमध्ये ‘ऑन’ लिहून कनेक्टर जबरदस्तीने चालू केलेला असल्यास चाचणीपूर्वी तो पूर्ववत करावा, कारण सक्ती असेपर्यंत ड्रायव्हरचे ‘डिटेक्ट’ विचारलेच जात नाही.