गावच्या शिपायांची यादी करायची, तर सुरुवात वेशीबाहेरून करा

मी तेहतीस वर्षं कोरेगाव तालुक्यात टपाल वाटलं. कुणाच्या घरी पलटणीची पेन्शन येते, कुठल्या म्हातारीची मनिऑर्डर अंगठा घेऊन द्यायची, हे मला पाठ होतं. निवृत्त झाल्यावर गावच्या शिपायांची यादी करायचं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं. महिन्याभरात उरकेल असा अंदाज होता, लागली चार वर्षं. साताऱ्यात आणि सांगलीकडं ज्यांना हे काम हाती घ्यायचं आहे, त्यांना एवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या गावात देवळासमोर आधीपासून एक फलक होता. संगमरवरी, सतरा नावं, सगळी वरच्या आळीची. रोज त्याच्यासमोरून सायकल नेत होतो, पण सतरा नावांत बौद्धवस्तीतलं एकही कसं नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला एका फोटोमुळं. माझा भाचा नैरोबीला नोकरीला आहे. त्यानं तिथल्या भररस्त्यातल्या स्मारकाचा फोटो पाठवला. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या काळ्या शिपायांचं ते स्मारक. पुतळे तीन, आणि बंदूकवाल्यांच्या बरोबरीनं एक हमालही उभा. खाली इंग्रजी, अरबी आणि स्वाहिलीत मजकूर आहे. हे हमाल म्हणजे लष्कराचे हातपाय होते, असं त्यात म्हटलंय. पुढं असंही, की देशासाठी लढलात तर मेल्यावरही तुमची मुलं तुमचं नाव लक्षात ठेवतील. भाच्यानं खाली लिहिलं होतं, ‘मामा, नाव मात्र एकाचंही कोरलेलं नाही.’

मग मी वाचत गेलो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही युद्धातल्या मृतांच्या थडग्यांची आणि स्मारकांची देखभाल करणारी संस्था. तिनंच २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या अंदाजे ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण गोऱ्या शिपायांच्या बरोबरीनं झालं नाही. त्यात भारतीय होते, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेचे होते, इजिप्तचे आणि सोमाली होते. शिवाय १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावंच कुठं कोरली गेली नाहीत. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, पण तिथंही भारतीय साध्या शिपायांची नावं दगडावर नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. आमच्या भागातली माणसं गेली ती तिथंच. आजही जुन्या घरांतून ‘बसऱ्याला गेला’ एवढंच सांगतात. नैरोबीच्या हमालावर जो अन्याय झाला तोच आमच्यावर झाला, आणि तसाच अन्याय आम्ही आमच्या खालच्या आळीवर केला. हे एकदा ध्यानात आलं आणि यादी कुठून सुरू करायची ते ठरलं.

तर पहिली गोष्ट ही. वही घ्या आणि वेशीबाहेरच्या वस्तीपासून सुरुवात करा. बौद्धवस्ती, मातंगवस्ती, रामोशी आळी, धनगरवाडा, मग वर या. वरच्या आळीची नावं कुणी ना कुणी सांगतंच. पाटलाच्या ओट्यावर बसून यादी केलीत तर दुसरा संगमरवरी फलक तयार होईल. वेळ संध्याकाळची निवडा आणि बरोबर त्या वस्तीतलाच एखादा तरुण घ्या. ‘तुमच्यात कोण शहीद झालं का?’ असं विचारू नका. त्या शब्दानं माणसं गप्प होतात, कारण आजोबा तापानं वारला, खेचरं हाकताना वारला, ते शहिदात मोडतं का, हे त्यांना ठाऊक नसतं. ‘तुमच्यातलं पलटणीत कोण कोण होतं, आणि परत कोण आलं नाही?’ असं विचारा. भिस्ती, आचारी, डोलीवाले, खेचरवाले, रस्ते खणणारे, सगळे लिहा.

घरातल्या वस्तू बघायला मागा, पण सोबत न्यायच्या नाहीत. तिथंच बसून फोटो काढायचा आणि वस्तू मालकाच्या हातात परत द्यायची. पूर्वी कुणीतरी ‘प्रदर्शनाला देतो’ म्हणून नेलेलं पदक परत आलं नाही, असं मला तीन घरांत ऐकायला मिळालं.

एका घरची हकीकत सांगतो. वस्तीतल्या आजींनी ट्रंकेतून फडक्यात बांधलेलं एक पदक काढलं. काळपट, तांबूस. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि १९१४-१९१८. त्या म्हणाल्या, ‘खोटं आहे वो ते. वाड्यावरल्यांचं चांदीचं हाय, आमच्या आज्ज्याला पितळंचं दिलं.’ साठ वर्षं ते घर हेच समजत होतं. मी पदक उन्हात तिरकं धरलं आणि कडेवर अंगठा फिरवला. या पदकांच्या कडेला अक्षरं ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. झिजलेली होती, तरी ‘पोर्टर’ आणि ‘कोअर’ हे शब्द लागले. हे पदक शिपायाला चांदीचं मिळे आणि मजूर-हमालांच्या तुकड्यांना तेच ब्राँझमध्ये. म्हणजे पदक अस्सल होतं. अपमान होता तो धातूत. मी नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, ‘पुन्यांदा वाचा.’

म्हणून पदकाची कड आधी बघा. चिंच, राख, पीतांबरी काही लावू नका, घासलं की अक्षरं जातात. सकाळचं तिरपं ऊन पुरतं, मोबाईल कडेशी आडवा धरून पाच-सहा फोटो घ्या. साधारण पाच इंच व्यासाची, सिंह आणि ब्रिटानिया देवीचं चित्र असलेली ब्राँझची जाड थाळी सापडली, तर ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवलेली असते. तिच्यावर नाव असतं, हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो. किराणा दुकानात वजन म्हणून वापरलेली थाळी मी बघितली आहे.

आता कागद. कॉमनवेल्थ कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची नावं फुकट शोधता येतात. नुसतं नाव टाकून भागत नाही, कारण कारकुनानं ऐकलं तसं रोमन लिपीत लिहिलं आहे. कदम दोन-तीन तऱ्हांनी सापडतो. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात ‘सातारा’ टाका, कित्येक नोंदींत बापाचं आणि गावाचं नाव मिळतं. सांगलीकरांनी हे खास ध्यानात ठेवावं: वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं तुमचा माणूस साताऱ्याखाली लपलेला असेल. आटपाडीचा औंध संस्थानाखाली शोधा. फलटण आणि जत ही तर संस्थानंच होती.

पलटणींचे आकडेही फसवतात. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये गेल्या. कागदावर ‘११७ मराठा’ असेल आणि घरचे ‘पाचवी मराठा’ म्हणत असतील, तर भांडण नको, दोन्ही बरोबर असू शकतं. महार शिपायांचं वेगळंच आहे. १८९२ नंतर त्यांची भरती बंद झाली. कोकणातले निवृत्त शिपाई गोपाळ बाबा वलंगकर यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला होता. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडलीही. मग थेट १ ऑक्टोबर १९४१, बेळगावात महार रेजिमेंट. मधल्या काळातला माणूस लढाऊ पलटणीच्या यादीत सापडला नाही म्हणून ‘नव्हताच’ असं लिहून मोकळे होऊ नका. मजुरांच्या, हमालांच्या तुकड्या बघा. जुन्या नावांच्या शेवटी ‘नाक’ येतो, रामनाक, सोननाक असा. रोमन स्पेलिंगमध्ये तो चटकन ओळखू येत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि तहसीलच्या रेकॉर्डमध्येही चक्कर मारा. एका कचेरीत मला सात वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागलं. आठव्या वेळी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि रजिस्टर निघालं. अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

कागद नसेल तिथं तोंडी सांगणं लिहा, पण वहीत दोन रकाने ठेवा: ‘कागदावर आहे’ आणि ‘सांगतात’. कुणी, कधी, कुठं बसून सांगितलं तेही. तोंडी म्हणजे कमी प्रतीचं, असं मानू नका. २१ फेब्रुवारी १९१७ रोजी ‘मेंडी’ नावाचं जहाज इंग्लंडजवळच्या समुद्रात बुडालं आणि दक्षिण आफ्रिकेचे सहाशेहून जास्त काळे मजूर सैनिक त्यात गेले. त्या तुकडीतल्या काळ्या माणसांना त्यांच्या सरकारनं युद्धाचं पदकसुद्धा दिलं नाही. ती आठवण टिकली ती घराघरांतून, तोंडातोंडी. आज तिथं २१ फेब्रुवारी हा सैन्यदलांचा दिवस पाळतात. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या आहेत. पलटणीतल्या लेकावर ओवी म्हणणारी बाई अजून हयात असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी तिचा आवाज रेकॉर्ड करा.

नाव कसं लिहायचं, हे घरच्यांना विचारा. आजोबाचं जुनं नाव एक, आजचं आडनाव दुसरं, असं पुष्कळ घरांत आहे. कुणाला जुनं नको असतं, कुणाला तेच हवं असतं. हा निर्णय त्यांचा. यादी हुद्द्यानं लावायची नाही, आळीनं लावायची नाही. आम्ही पहिल्या नावाच्या बाराखडीनं लावली. सुभेदार आणि भिस्ती शेजारी आले. त्यावर ग्रामसभेत दोन तास वाद झाला आणि शेवटी ठराव तसाच मंजूर झाला. जागा पंचायतीची असेल तर ठराव हवाच.

दगड शेवटी. संगमरवराला माझा विरोध आहे, दहा पावसाळ्यांत अक्षरं पुसट होतात. आपला काळा पाषाण घ्या आणि पाथरवटाकडून अक्षरं खोल कोरून घ्या. आमच्या भागात वीरगळ कुठल्याही जुन्या देवळाशेजारी दिसतात: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. त्यांच्यावर नाव बहुधा नसतं. वीर कोण होता, हे कुणालाच सांगता येत नाही, शेंदूर मात्र दरवर्षी चढतो. तुमच्या गावात वीरगळ असेल तर नवा दगड त्याच्या शेजारी उभारा, जुन्याला रंग-सिमेंट लावू नका.

वाचनाचा दिवस आम्ही ७ डिसेंबर धरला, सैन्याचा ध्वजदिन. नावं शाळेतली पोरं वाचतात, प्रत्येक नावाला थोडं थांबून. आदल्या आठवड्यात शिक्षिका नकाशा लावतात. त्यावर बसरा असतं, नैरोबी असतं, आणि मणिपूर. १९४४ साली इंफाळजवळ सांगशाकला चौथी मराठा लढली, आणि पुढं ब्रह्मदेशातल्या काबाव खोऱ्यातून जपान्यांच्या मागावर गेली ती ११ वी पूर्व आफ्रिका डिव्हिजन. एकाच सैन्यातले हे लोक. नैरोबीत त्या हमालांच्या तुकडीवरून ‘कारिओकोर’ नावाची वस्ती आहे, इंग्रजी ‘कॅरिअर कोअर’चा अपभ्रंश. पोरांना तो शब्द फार आवडतो, मधल्या सुट्टीत म्हणत फिरतात.

आमच्या दगडावर एकतीस नावं आहेत. खाली हातभर जागा कोरी सोडून घेतली आहे. गेल्या वर्षी जुन्या फलकाशेजारी तो उभा राहिला, आणि मार्गशीर्षात रामोशी आळीतून एक बत्तिसावं नाव आलं. थाळी आहे, अक्षरं लागली आहेत. पाथरवटाला सांगून ठेवलंय.