पित्ताशयातील पॉलिप: अहवाल आणि औषधांची चिठ्ठी कशी वाचावी

पोट फुगते, करपट ढेकर येतात म्हणून सोनोग्राफी होते आणि अहवालातील ‘पित्ताशयात ४ मिमीचा पॉलिप’ ही ओळ वाचून सारे घर काळजीत पडते. अशा वेळी आधी हे लक्षात घ्यावे की लहान पॉलिपमुळे सहसा कोणताही त्रास होत नाही आणि चिठ्ठीतील बहुतेक औषधे पॉलिपसाठी नसून जठरासाठी असतात.

गोंधळाचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. घशाशी आंबट आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. पण ते जठरातील आम्ल असते, तर पित्ताशयात साठते ते यकृतात तयार होणारे, स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करणारे पित्त.

पॉलिप म्हणजे पित्ताशयाच्या अस्तरावरचा उंचवटा. बहुतेक पॉलिप कोलेस्टेरॉल साठून झालेले, निरुपद्रवी असतात. सोनोग्राफी करताना कुशीवर वळायला सांगतात ते पॉलिप आणि पित्ताशयातील खडा यांतला फरक ओळखण्यासाठी, कारण खडा वळताना घरंगळतो आणि त्याची मागे सावली पडते, पॉलिप मात्र जागचा हलत नाही.

अहवालात प्रथम आकार पाहावा. १० मिमी किंवा त्याहून मोठा पॉलिप असल्यास सामान्यतः पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो. ६ ते ९ मिमीच्या पॉलिपबाबत वय, पॉलिपची ठेवण, पित्ताशयाच्या भिंतीची जाडी आणि इतर धोके पाहून निर्णय होतो. त्याहून लहान असल्यास ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी करतात, काहींना तिचीही गरज नसते. पुढच्या तपासणीला जुना अहवाल न विसरता न्यावा, कारण पॉलिप वाढला की नाही हे त्याशिवाय कळत नाही.

आता चिठ्ठी. पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करते. ती गोळी सकाळी नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी, न चावता, न कुटता घ्यावी, कारण तिच्यावरचे आवरण तिला जठरातील आम्लापासून वाचवते. तिच्याच जोडीने येणारे डॉम्पेरिडोन मळमळ कमी करते, परंतु हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्यास ते आधी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल काही लहान कोलेस्टेरॉल खडे विरघळवण्यासाठी देतात, पॉलिप घालवण्यासाठी नव्हे. ते लिहिले असेल तर कशासाठी, हे निःसंकोच विचारावे. बरे वाटले म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळ्या आणत राहू नये.

उजव्या बरगडीखाली तासन्‌तास न थांबणारी कळ, थंडी वाजून ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास मात्र घरी गोळी घेऊन वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.