बासचा लहान कॅब आणि अ‍ॅम्प जुळवताना या चुका टाळा

बारा इंची एकच स्पीकर असलेला कॅब (स्पीकरचं खोकं) आणि दोन-तीन किलोचा क्लास डी हेड, म्हणजे खोक्याशिवायचा हलका अ‍ॅम्प. रिक्षात मावणारी ही जोडी हल्ली बास गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांकडे दिसते. ती त्रास देते ती बहुधा दोन कारणांनी: ओहमचं (कॅबच्या विद्युत रोधाचं) गणित चुकलेलं असतं, नाहीतर लहान खोक्याकडून भलतीच अपेक्षा धरलेली असते.

वॅट पाहिले, ओहम पाहिले नाहीत

हेडवर ५०० वॅट छापलेले असतात, ते बहुतेक वेळा ४ ओहमच्या लोडसाठी, म्हणजे जोडलेल्या कॅबच्या एकूण रोधासाठी. तोच हेड ८ ओहमच्या एका कॅबवर साधारण २५० ते ३०० वॅट देतो. त्यात बिघडत काही नाही. वॅट निम्मे झाले तरी आवाजात फरक पडतो तो ३ डेसिबलचाच.

खरा घोळ दुसरा कॅब आणल्यावर होतो. हेडची दोन आउटपुट काय किंवा कॅबच्या पाठीवरचं दुसरं सॉकेट काय, जवळजवळ नेहमी सगळं पॅरललच (समांतर) असतं. त्यामुळे वायर एका कॅबमधून दुसऱ्यात नेली म्हणून लोड हलका होत नाही. ८ आणि ८ मिळून ४, ४ आणि ४ मिळून २, ८ आणि ४ मिळून २.६७. हेडवर किमान ४ लिहिलं असेल तर यातली फक्त पहिली जोडी चालेल. बाकीच्या जोड्या तालमीत बेताच्या आवाजात निमूट चालतात, म्हणून फसायला होतं. कार्यक्रमात आवाज चढवला की खालच्या सुरांवर आवाज तुटतो, हेड तापतो, प्रोटेक्टचा (हेड स्वतःला वाचवत असल्याचा) दिवा लागतो. अशा वेळी हेड बंद करून एक कॅब काढा आणि पुन्हा वाजवा. तुटणं थांबलं तर संशय लोडवरच घ्या.

हेडला २ ओहम चालत असले तरी ८ आणि ४ ची जोडी नकोच. ४ ओहमचा कॅब दोन तृतीयांश वॅट ओढून घेतो. पहिला कॅब ८ ओहमचाच घ्या, म्हणजे पुढेमागे त्याच मॉडेलचा दुसरा जोडता येईल.

जुन्या कॅबवरची पट्टी पुसली गेली असेल तर अ‍ॅम्पपासून सुटी केलेली स्पीकर केबल कॅबला लावून मोकळ्या टोकावर मल्टिमीटर धरा. ८ ओहमचा कॅब साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ चा ३ ते ३.५. मीटर डीसी रोध मोजतो, त्यामुळे आकडा छापलेल्यापेक्षा कमीच येणार.

बासचं बटण पिळणं

ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बासवरची बी ३१ ची. लहान कॅब ५०-६० हर्ट्झखाली ढेपाळू लागतो. पण अँपेग कंपनीचा आठ दहा-इंची स्पीकरांचा प्रसिद्ध कॅबसुद्धा ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने खाली आलेला असतो, आणि त्याला कुणी कमी बासचा म्हणत नाही. कान ई ओळखतो तो बराचसा ८२ हर्ट्झच्या आणि त्यावरच्या सुरांतून.

बास ६ डेसिबलने वाढवला की त्या पट्ट्यात चौपट वॅट लागतात, १२ ने वाढवला की सोळा पट. शिवाय पोर्ट (हवेसाठीचं भोक) असलेल्या कॅबमध्ये, पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही. तो सैरावैरा पुढेमागे जातो आणि फट्-फट् आवाज येतो. कॅबवरचे ३०० वॅट ही कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) तापण्याची मर्यादा आहे. कोन त्याच्या कितीतरी आधी हद्दीला टेकतो.

बासचं बटण मध्यावर ठेवा, हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) ३५-४० हर्ट्झवर लावा आणि २५० ते ५०० हर्ट्झचा पट्टा थोडा उचला. ड्रमच्या गलक्यात बास त्याने ऐकू येतो. मोकळ्या मैदानात मात्र डीआय (हेडमधून मिक्सरकडे जाणारी थेट लाइन) पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टिमला द्या आणि कॅब फक्त स्वतःला ऐकण्यापुरता वापरा.

दोन कॅब शेजारी शेजारी

एकावर एक रचा. वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो. शेजारी ठेवले की दोन पावलं बाजूला सरकताच मधले सूर गायब होतात. दोन सारख्या कॅबमुळे आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो: निम्मा कोनाच्या वाढीव क्षेत्रफळाचा, निम्मा जास्तीच्या वॅटचा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन कॅब लावल्यावर बास उलट कमी झाला, तर एकाची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी असण्याची शक्यता मोठी. केबल अ‍ॅम्पपासून काढा. ९ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक जॅकच्या टोकाला आणि ऋण टोक जॅकच्या दांडीला क्षणभर टेकवा. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

वायर आणि वीज

गिटारची केबल स्पीकरला लावू नका. आतली तार बारीक असते. ती तापते आणि वॅट खाते. १.५ चौरस मिलिमीटरची स्पीकर केबल घ्या. अनेक क्लास डी हेडमध्ये आउटपुटचं ऋण टोकही जिवंत असतं, म्हणून ते अर्थला किंवा मिक्सरला जोडायचं नाही. जॅक घालता-काढताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो, तेव्हा आधी हेड बंद. स्पीकॉन (फिरवून अडकवायचा स्पीकर प्लग) असेल तर ‘टक्’ होईपर्यंत फिरवा.

अमेरिकेहून कुणी हेड आणून दिला असेल तर प्लग लावण्याआधी हेडच्या पाठीवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. नुसतं १२० असेल तर पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. सिलेक्टर स्विच असेल तर तो २३० वर करा आणि फ्यूजही मॅन्युअलमध्ये २३० साठी दिलेल्या आकड्याचाच घाला.